किनाऱ्यावरच्या अंगणातील कृत्रिम हिरवळ : देखभाल आणि दुरुस्ती, बडोदेकरांसाठी

बडोद्यातील ज्या कुटुंबांचे दुसरे घर तीथल, नारगोळ, डहाणू किंवा त्याहून खाली अलिबाग-गुहागरच्या किनाऱ्यावर आहे, त्यांना अंगणाचे काय करावे हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. वर्षातील बहुतेक दिवस घर बंद, बोअरचे पाणी मचूळ, रोज झारी घ्यायला माणूस नाही. अशा ठिकाणी नैसर्गिक हिरवळ तग धरत नाही आणि शेवटी कृत्रिम हिरवळ अंथरली जाते. अंथरताना ‘हिला काही करावे लागत नाही’ असे हमखास सांगितले जाते. गोत्री किंवा मांजलपूरच्या अंगणात हे पुष्कळसे खरे ठरते, कारण बडोद्यात मुख्य त्रास धुळीचा आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांपुढे जाणाऱ्या पाऱ्याचा असतो, आणि धूळ झाडली की निघते. किनाऱ्यावर मात्र मीठ, बारीक वाळू, दमट हवा आणि वारा हे सारे एकदम येतात. तिथे बडोद्याच्या सवयीने खराटा मारून भागत नाही.

अंगणात हिरवळ आधीपासून अंथरलेली आहे, महिन्या-दोन महिन्यांनी घरचे कोणी तिथे जाते आणि अधूनमधून लक्ष ठेवणारा एखादा स्थानिक माणूस आहे, असे धरून पुढील कामे सांगितली आहेत. त्या सर्वांमागे एकच धारणा आहे. दोष वर दिसत असला तरी त्याचे मूळ बहुधा खालच्या थरात असते, म्हणून आधी खाली काय चालले आहे ते पाहावे आणि मगच वरच्या पात्यांना हात लावावा.

पहिले काम : कोपरा उचलून पाहणे

वर दिसणारी हिरवी पाती बहुधा पॉलिएथिलीनची असतात. त्यांच्या बुडाशी तपकिरी किंवा पोपटी रंगाच्या कुरळ्या धाग्यांचा दाट थर असतो. हे सर्व धागे एका विणलेल्या कापडात ओळीने टाकलेले असतात आणि ते उपटून येऊ नयेत म्हणून कापडाच्या पाठीला लेटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. याच पाठीला ठरावीक अंतरावर पाणी उतरण्यासाठी छिद्रे असतात. त्याखाली दगडी भुकटीचा पातळ थर आणि भुकटीखाली धुमसाने ठोकून बसवलेली खडी, अशी नीट केलेल्या कामाची रचना असते.

यात मीठ कुणाला खाते हे समजून घेतले, तर पुढची निम्मी कामे आपोआप सुचतात. पॉलिएथिलीनच्या पात्यांचे मिठाने काहीच बिघडत नाही. मीठ खाते ते लोखंडी खिळ्यांना आणि कडेच्या पट्ट्यांना. वाळू छिद्रे बुजवते, पाणी अडते, आणि पाठीवरचा लेटेक्सचा लेप सतत ओला राहिला की वर्षागणिक कमकुवत होत जातो. पात्यांचा रंग टवटवीत असतानाच खालचे काम पोकळ झालेले असते, ते असे.

दांडिया बाजारातील एका परिचित कुटुंबाच्या तीथलच्या अंगणात मी हे जवळून पाहिले. वरून हिरवळ निर्दोष दिसत होती, फक्त फाटकाजवळची कड किंचित वर आली होती. ती धरून उचलताच खिळ्यांची डोकी हिरवळीबरोबर वर आली आणि त्यांची अंगे जमिनीतच राहिली. प्रत्येक खिळ्याभोवती गंजाची तपकिरी चकती उमटली होती. पाठीची छिद्रे तीथलच्या काळ्या वाळूने इतकी घट्ट भरली होती की ती छिद्रे आहेत हे बोट फिरवल्यावरच कळले, आणि खालच्या भुकटीवर मीठ व मातीची एक कडक पापडी धरली होती. वर नवे खिळे मारून ती कड दाबून टाकली असती, तर पुढच्या श्रावणात ती पुन्हा उठली असती.

म्हणून प्रत्येक मुक्कामात दोन ठिकाणे उचलून पाहावीत. एक समुद्राच्या बाजूचा कोपरा आणि दुसरे अंगणातील सर्वांत सखल ठिकाण. पाठ कोरडी आहे का, लेप बोटाने घासल्यावर भुकटी होऊन निघतो का, खिळे हलतात का, छिद्रांतून उजेड दिसतो का, या चार गोष्टी पाहिल्या की पुरे.

मीठ धुणे

साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. किनाऱ्यावर संध्याकाळनंतर हवा सहज इतकी दमट होते. त्यामुळे मिठाचा थर बसलेली हिरवळ रात्री पायाला चिकट लागते, दुपारी पुन्हा कोरडी होते आणि रोजच्या या ओल्या-सुक्या फेऱ्यात खिळे गंजत जातात. उपाय सोपा आहे, तो म्हणजे गोड्या पाण्याने धुणे. परंतु पाणी खरोखर गोडे हवे. किनाऱ्यावरील बोअरचे पाणी पुष्कळदा स्वतःच खारे असते आणि त्याने धुतल्यास पाणी उडून जाते व मीठ मागे उरते. पाण्यातील विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर आता सहज मिळते. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही इष्ट मर्यादा धरते आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हा २,००० पर्यंत मुभा देते. हिरवळ धुण्यासाठीही हीच वरची मर्यादा पाळावी असे मला वाटते. त्याहून खारे पाणी असेल, तर छपराचे पावसाचे पाणी एका टाकीत साठवून ते या कामासाठी राखून ठेवणे उत्तम.

ज्या अंगणातून लाटा दिसतात, तिथे ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत दोन-तीन आठवड्यांतून एकदा धुणे आवश्यक आहे. एक-दोन किलोमीटर आत असलेल्या घरांना दोन महिन्यांतून एकदा पुरते. पाण्याची नासाडी करण्याचे कारण नाही. दर चौरस मीटरला तीन-चार लिटर पाणी झारीच्या तोटीने सावकाश सोडले, की मीठ खाली उतरून निचऱ्याबरोबर निघून जाते, म्हणजे ५० चौरस मीटरच्या अंगणाला साधारण २०० लिटर लागतात. धुणे सकाळी उरकावे, म्हणजे संध्याकाळच्या आत पाठ वाळते. पावसाळ्यात हे काम आकाशावर सोपवावे.

उच्चदाबाच्या फवारणी-यंत्राचा मोह मात्र टाळलेला बरा. ते वापरायचेच असेल, तर दाब कमीत कमी ठेवावा, पाणी पंख्यासारखे पसरवणारी तोटी लावावी आणि ती हिरवळीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर व तिरकी धरावी. जोडांच्या रेषेवर ते कधीही फिरवू नये.

वाळू, निचरा आणि पाती उभी करणे

निचरा तपासण्याची पद्धत अगदी साधी आहे. एक बादलीभर पाणी हात-दीड हात लांबी-रुंदीच्या जागेत सावकाश ओतावे. एक-दोन मिनिटांत पाणी दिसेनासे झाले तर निचरा ठीक आहे. पाच मिनिटांनंतरही डबके राहिले, तर छिद्रे बुजली आहेत किंवा खालचा थर पापडी धरून बसला आहे. अंगणात चार-पाच ठिकाणी ही चाचणी घ्यावी, कारण बिघाड सहसा सलग नसतो. तो फाटकाजवळ, पायऱ्यांखाली आणि पागोळ्या पडतात त्या रेषेत आधी दिसतो.

बुजलेली जागा मोकळी करण्यासाठी एप्रिल-मे हा काळ सर्वांत सोयीचा आहे, कारण तेव्हा वाळू कोरडी असते. प्रथम ताठ नायलॉनच्या ब्रशने पात्यांच्या कलाच्या उलट दिशेने झाडावे, म्हणजे वाळू वर येते. तारेचा ब्रश पात्यांची टोके चिरतो, म्हणून तो वापरू नये. वर आलेली वाळू ओल्या-सुक्या कचऱ्यासाठीच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. त्यानंतर त्या भागाची हिरवळ कडेपासून उलटी दुमडावी, पाठ झाडावी आणि प्रत्येक बुजलेले छिद्र बारीक स्क्रूड्रायव्हरने वा दाभणाने मोकळे करावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. शेवटी खालच्या भुकटीवरची पापडी खुरप्याने बोटभर खरवडून काढावी आणि तिच्या जागी भुकटीऐवजी धुतलेली बारीक कच, म्हणजे दोन ते सहा मिलिमीटरचे दाणे, घालून ठोकून घ्यावी. कचेतून पाणी लवकर उतरते आणि ती पुन्हा सहजासहजी थिजत नाही.

वाळू येते कुठून, हेही पाहायला हवे. निम्मी वाळू वाऱ्याने येते आणि निम्मी पायांनी. समुद्राच्या बाजूला कमरेएवढी मेंदी-करवंदाची दाट कुंपणरांग किंवा जांभ्याची बुटकी भिंत असली, तर वाऱ्याने येणारी वाळू पुष्कळ अडते. पायांसाठी फाटकाशी एक नळ, फरशीचा चौथरा आणि काथ्याचे जाड पायपुसणे ठेवावे. मुले किनाऱ्यावरून धावत येतात ती थेट हिरवळीवर येऊ नयेत, एवढी एक शिस्त पाळली तरी वर्षाकाठी निम्मे श्रम वाचतात.

हिरवळीवर मुद्दाम भरतात ती वाळू वेगळी. पात्यांच्या बुडाशी धुतलेली, गोल दाण्यांची सिलिका वाळू भरली की पाती उभी राहतात, पाठीवर वजन पडते आणि ऊन थेट लेपापर्यंत पोचत नाही. ३० ते ४० मिलिमीटर उंचीच्या घरगुती हिरवळीला दर चौरस मीटरला साधारण पाच ते सात किलो वाळू लागते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पैसे वाचवण्यासाठी ती भरतच नाहीत. बडोद्याच्या गच्चीवर एक वेळ ते चालून जाते. किनाऱ्यावर मात्र वारा सुटला की वजन नसलेली हिरवळ शिडासारखी फुगते आणि जोड फाटतात. आयती जवळ आहे म्हणून किनाऱ्यावरची वाळू आणून भरणे हा तर दुहेरी दोष आहे. तिच्यात मीठ, शिंपल्यांच्या धारदार कपच्या आणि छिद्रे बुजवणारे अतिबारीक कण असतात, आणि किनारा नियमन क्षेत्रात वाळू उचलणे कायद्याने निषिद्ध आहे.

सुरूच्या बनाजवळ घर असेल, तर सुरूची सुईसारखी पाने हा वेगळाच ताप असतो. ती पात्यांत उभी शिरतात, झाडूला दाद देत नाहीत आणि कुजून बुडाशी खत तयार करतात, ज्यात पुढे खरे गवत उगवते. प्लॅस्टिकच्या दातांचा पंजा हलक्या हाताने ओढला की ती निघतात. तो पंजा मुक्कामागणिक एकदा तरी फिरवावा.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

बडोद्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. वलसाडकडे त्याच्या दुपटीच्या आसपास आणि रत्नागिरीकडे त्याहूनही बराच अधिक. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एक फेरी मुद्दाम काढावी. त्याहून उशीर करू नये, कारण पश्चिम किनाऱ्यावर वादळांचा काळ पावसाच्या आधीच सुरू होतो. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले आणि निसर्ग ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ आले, हे लक्षात ठेवले म्हणजे ‘जूनमध्ये पाहू’ हा विचार मनातून जातो.

या फेरीत सर्व कडा हाताने ओढून पाहाव्यात, हलणारे खिळे बदलावेत, कमी झालेली सिलिका वाळू भरावी, निचऱ्याची चर आणि पन्हळी साफ कराव्यात, आणि कुंड्या, झोपाळा, लोखंडी खुर्च्या हिरवळीवरून हलवाव्यात. खुर्च्यांच्या पायांखाली चार महिने पाणी साचले की गंजाचे गोल डाग पडतात आणि ते पुरते कधीच जात नाहीत. हिरवळ ताडपत्रीने झाकून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती टाळावी, कारण ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि शेवाळ फोफावते.

पावसानंतर, नवरात्राच्या सुमारास, शेवाळाचा समाचार घ्यावा. उत्तरेकडच्या भिंतीलगत आणि झाडाखाली ते जास्त असते. उन्हाने सुकू द्यावे, कोरडे झाडून काढावे आणि मग बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेले शेवाळनाशक डब्यावर दिलेल्या प्रमाणात फवारून दुसऱ्या दिवशी धुवावे. मोरचूद किंवा फरशी धुण्याचे अ‍ॅसिड या कामाला वापरू नये. मोरचूद जमिनीत आणि विहिरीत उतरते, आणि अ‍ॅसिड खिळे व सिमेंट दोन्ही खाते.

डाग

बहुतेक डाग कोमट पाणी आणि भांडी घासायचे द्रव यांनी जातात. होळीचा रंग ओला असताना लगेच भरपूर पाण्याने धुवावा. कुत्रा असेल, तर तो लघवी करतो ती जागा दर दोन दिवसांनी पाण्याने धुवावी आणि वास राहिल्यास एन्झाइम असलेले क्लीनर वापरावे.

किनाऱ्याचा खास डाग डांबराचा. पावसाळ्याच्या आसपास गुजरात-कोकणच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे वाहून येतात आणि चपलांना चिकटून अंगणात पोचतात. त्यावर बर्फाची पिशवी दहा मिनिटे ठेवावी. गोळा कडक झाला की चमच्याच्या कडेने उचलावा, उरलेला काळा थर खोबरेल तेलाच्या फडक्याने पाते-पाते पुसावा आणि शेवटी साबणाच्या पाण्याने तेल काढून टाकावे. पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर यांचा थेंबही नको, कारण डाग जाण्याआधी पाठीवरचा लेप विरघळतो.

दुरुस्ती : कडा आणि खिळे

कड उचललेली असेल, तर जुने सर्व खिळे पकडीने उपटून काढावेत. जमिनीत राहिलेले तुकडे पावसानंतर वर येतात आणि अनवाणी पायात शिरतात. नवे खिळे १० ते १५ सेंटिमीटर लांबीचे घ्यावेत आणि ते ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. बडोद्याच्या हार्डवेअरच्या दुकानात स्टेनलेस मागितले की सहसा ३०४ दर्जाचे पुढे येते. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ते मिठाला अधिक दाद देत नाही. म्हणून दर्जा स्पष्ट सांगून मागावे. इतके महाग नको असेल, तर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले खिळे चालतील, परंतु काही वर्षांनी ते बदलावे लागतील हे धरून चालावे. साधे चकचकीत जस्तविलेपित खिळे किनाऱ्यावर एक-दोन पावसाळ्यांपलीकडे जात नाहीत.

कडेने १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर, नागमोडी दोन ओळींत खिळे मारावेत. मारण्यापूर्वी त्या जागेची पाती दोन बोटांनी बाजूला करावीत, नाहीतर ती डोक्याखाली दाबली जाऊन खळगा दिसतो. खालचा पाया काँक्रीटचा असेल, तर खिळ्यांचा प्रश्नच नाही. तिथे कड पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्यानेच बसवावी लागते.

बसलेली जागा

हिरवळीवर खड्डा दिसला, की वरून वाळू ओतून तो भरण्याची घाई करू नये. हिरवळ दुमडून कारण शोधावे. वाळूच्या जमिनीवर खडी टाकताना मध्ये जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण खडी आणि वाळू वेगळी ठेवणारे कापड, घातले नसेल, तर खडी हळूहळू वाळूत बुडते. कधी कडेखालून पावसाचे पाणी वाळू घेऊन जाते, कधी घुशीने बीळ केलेले असते आणि अगदी पुळणीलगतच्या अंगणात खेकडेही बिळे करतात. बीळ असेल तर ते खडीने ठासून भरावे. नंतर बसलेल्या जागेतील ओली माती काढावी, कापड नसेल तर तेवढ्या भागापुरते तरी ते घालावे, कच टाकून किंचित ओली करावी आणि धुमसाने ठोकावी. एका मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार राहील असे पाणसळ लावून पाहावे, आणि उतार घराकडून चरीकडे असावा. आजूबाजूच्या जमिनीशी पातळी तंतोतंत मिळाली की मगच हिरवळ परत पसरावी.

उघडलेला जोड

रोलची रुंदी बहुधा दोन मीटर असल्यामुळे प्रत्येक अंगणात जोड असतातच, आणि किनाऱ्यावर पहिला दगा तेच देतात. पुष्कळ ठिकाणी ते चपलेच्या सोल्यूशनसारख्या रबरी चिकटद्रव्याने जोडलेले असतात. उन्हात अशी हिरवळ साठ अंशांपलीकडे तापते, ते द्रव्य मऊ पडते, आणि रात्री हिरवळ आकसताना जोड सुटतो. त्यावर पुन्हा तेच सोल्यूशन लावण्यात अर्थ नाही.

दोन्ही बाजू हातभर दुमडाव्यात. जुनी टेप आणि द्रव्य खरवडून काढावे. पाठीवरचे मीठ ओल्या फडक्याने पुसून ती पूर्ण वाळू द्यावी. मीठ राहिले तर नवे द्रव्य पाठीला धरत नाही. ३० सेंटिमीटर रुंदीची जोडटेप खरखरीत बाजू वर करून जोडाच्या बरोबर मधोमध पसरावी. तिच्यावर पॉलियुरेथेनचे चिकटद्रव्य दातेरी थापीने सारखे ओढावे. दोन घटकांचे द्रव्य असेल, तर डब्यावर दिलेले प्रमाण वजन करून पाळावे, अंदाजाने मिसळू नये. एकाच घटकाचे द्रव्य हवेतील ओलाव्यावर घट्ट होते, त्यामुळे किनाऱ्यावर ते बडोद्यापेक्षा लवकर धरते आणि हाताशी वेळ कमी मिळतो. म्हणून एका वेळी दोन-तीन मीटरच लावावे. मग दोन्ही कडा टेपवर अशा सोडाव्यात, की त्यांच्यातील फट दोन-तीन मिलिमीटर राहील. कडा एकमेकींवर चढल्या तर कंगोरा दिसतो आणि दूर राहिल्या तर रेघ दिसते. मध्ये अडकलेली पाती एका हाताने सोडवीत, दुसऱ्या हाताने दाबत पुढे जावे. शेवटी वाळूच्या पिशव्या ठेवून एक दिवस तिथे कोणाला चालू देऊ नये आणि दोन दिवस पाणी घालू नये.

वेळेचेही भान हवे. दव सुकल्यानंतर, पण ऊन चढण्यापूर्वी हे काम करावे. भर दुपारी प्रसरण पावलेली हिरवळ जोडली, तर पहाटे ती आकसून जोड ताणते.

ठिगळ

फटाक्याने जळलेली, कापली गेलेली किंवा डाग पडून वाया गेलेली जागा कापून तिथे तुकडा बसवावा लागतो. सर्वांत मोठी अडचण रंगाची असते. पाच वर्षे ऊन खाल्लेल्या हिरवळीत नवा तुकडा लांबूनही ओळखू येतो, मग तो त्याच कंपनीचा का असेना. म्हणून टाकीमागची किंवा जिन्याखालची, तितकीच जुनी हिरवळ कापून ती दर्शनी ठिगळाला वापरावी आणि नवा तुकडा त्या आडच्या जागेत लावावा. मूळ कामातला उरलेला तुकडा घरात जपून ठेवला असेल, तर तोही बंद खोलीत न ठेवता अंगणाच्या कोपऱ्यात उन्हात ठेवलेला बरा.

खराब जागा चौकोनी आखावी. गोल ठिगळ नीट जुळत नाही. कड जवळ असेल तर हिरवळ उलटून पाठीकडून कापावी, मध्येच असेल तर वरून पाती भांग पाडल्यासारखी दुभागून धाग्यांच्या दोन ओळींमधून कटर चालवावा. पाते नवे असावे आणि फक्त पाठ कापली जाईल इतकेच खोल जावे, म्हणजे खालचा थर शाबूत राहतो. निघालेला चौकोन हाच साचा. नव्या तुकड्यावर हात फिरवून पात्यांचा कल ओळखावा, कल जुळवून दोन्ही उपडे ठेवावेत आणि साच्याप्रमाणे कापावे. एकदा कोरडाच बसवून, उभे राहून चारही दिशांनी पाहावा. कल उलटा पडला असेल तर तो तुकडा ऊन पडताच वेगळ्या छटेचा दिसतो, आणि चिकटवल्यानंतर त्यावर इलाज नसतो. मग चारही कडांखाली टेप सरकवून वर सांगितल्याप्रमाणे चिकटवावे, वाळू भरावी आणि ब्रश फिरवावा.

एका जळीबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. ठरावीक जागीच पाती वितळून गोळा होत असतील आणि तिथे कधी फटाका वाजला नसेल, तर खिडक्यांकडे पाहावे. परावर्तक काचेवरून एकवटलेले ऊन पॉलिएथिलीनला वितळवू शकते. अशा जागी ठिगळ लावण्याआधी काचेच्या बाहेरून जाळी किंवा पडदा बसवावा. तो बसला नाही, तर नवे ठिगळही त्याच जागी वितळते.

पुराचा गाळ

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्यातील अनेक सोसायट्यांत शिरले, तेव्हा अंगणांत गाळाचा थर राहिला होता. किनाऱ्यावरही खाडीलगतच्या घरांत मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की हेच घडते. गाळ ओला असतानाच रबरी पट्टीच्या फावड्याने ओढून काढावा आणि उताराच्या दिशेने भरपूर पाण्याने धुवावे. एकदा तो वाळला, की पात्यांच्या बुडाशी विटेसारखा बसतो. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, त्यामुळे हातमोजे आणि बूट घालूनच काम करावे व शेवटी जंतुनाशक फवारावे. पाणी पायाखाली शिरले असेल, तर हिरवळ उचलून खालचा थर आठवडाभर उघडा वाळवावा. खालचा थर ओला असताना तिला परत ठोकून बसवू नये.

बदलण्याची वेळ

पाती चिमटीत धरून चोळल्यावर त्यांचे हिरवे कण हाताला लागू लागले, किंवा पाठीचा लेप बोटाने घासताच भुकटी होऊन पडू लागला आणि धाग्यांचे झुपके ओढताच हातात येऊ लागले, तर दुरुस्तीवर आणखी खर्च करू नये. समुद्राकाठी ही गोष्ट विशेष मनावर घ्यावी असे मला कळकळीने वाटते, कारण झिजलेल्या पात्यांचे कण वाऱ्याने उडून थेट पुळणीवर आणि पाण्यात जातात. कापाकापी करताना निघालेले तुकडेही त्याच दिवशी झाडून गोळा करून पिशवीत बांधावेत.

काढलेली हिरवळ अंगणात जाळू नये. तिचा धूर विषारी असतो आणि वितळलेला गोळा जमिनीत तसाच राहतो. आधी उन्हात पसरून तिच्यातील वाळू झाडून घ्यावी, म्हणजे वजन निम्म्यावर येते आणि ती वाळू धुऊन पुन्हा वापरता येते. मग हिरवळ पात्यांची बाजू आत करून गुंडाळावी, सुतळीने बांधावी आणि स्थानिक पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या कचरा-व्यवस्थेकडे द्यावी. चांगले राहिलेले पट्टे टाकून न देता टाकीभोवती किंवा जिन्याखाली अंथरावेत. पुढच्या ठिगळाला जुळत्या रंगाचा तुकडा तिथूनच मिळतो.